शेअर बाजार अचानक कोसळला तर मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली रक्कम कशी सुरक्षित ठेवावी?

प्रश्न: मांजराकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार. मी एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि माझ्या यजमानांचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. अनेक वर्षे दरमहा हप्ता भरत आल्यामुळे म्युच्युअल फंडांतील आमची रक्कम आता २४ लाखांच्या आसपास पोहोचली आहे. त्यातील सुमारे ११ लाख स्मॉलकॅप (लहान कंपन्यांच्या) फंडांत, ६ लाख मिडकॅपमध्ये (मध्यम कंपन्या) आणि ७ लाख फ्लेक्सीकॅप (सर्व आकारांच्या कंपन्यांच्या) फंडात आहेत. याखेरीज एका राष्ट्रीयीकृत बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे आणि १५ हजारांची एसआयपी (दरमहाचा ठरावीक हप्ता) अजून चालू आहे.

मुलगी लातूरला अकरावीत असून नीटची तयारी करते आहे. शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर खर्च झेपेल. खासगीत जावे लागले, तर शैक्षणिक कर्ज घेऊनही स्वतःचे १२ लाख रुपये पुढच्या दोन ते सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने लागतील, असा आमचा हिशेब आहे.

सप्टेंबर २०२४ नंतरच्या घसरणीत स्मॉलकॅप फंडांची किंमत महिनोन्महिने खाली येताना पाहिली आणि तेव्हापासून मनात एकच विचार घोळतो आहे की, नेमकी फी भरायच्या वर्षी असे झाले तर काय करायचे? त्यातच मार्च २०२० ची आठवण आहे. त्या वेळी बाजार कोसळला आणि टाळेबंदीमुळे मोंढ्यातील उलाढालही थंडावली. शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकली होती आणि घर माझ्या पगारावर चालले. फंडांचे सगळे युनिट (आमच्या वाट्याचे भाग) आताच विकून मोकळे व्हावे का? काही जण पुट ऑप्शन घेऊन विमा उतरवल्यासारखे संरक्षण मिळते असे सांगतात, तर काही जण स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावा म्हणतात. आमच्यासारख्या कुटुंबाने यातील नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: दुधना (सेलू)

नमस्कार ताई. बँकेतील नोकरीच्या काळात अनेक कुटुंबांचे असे हिशेब जवळून पाहिले आहेत, त्या आधारावर लिहितो.

बाजार कधी पडेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही, त्यामुळे पडझडीचा अंदाज बांधून त्यावर उपाय शोधण्यात अर्थ नाही. सांगता येते ते एवढेच की, कोणता रुपया आपल्याला कोणत्या वर्षी लागणार आहे. जो रुपया पाच वर्षांच्या आत लागणार आहे, तो शेअर बाजारात असू नये आणि जो त्यानंतर लागणार आहे, त्याला पडझडीपासून वेगळे संरक्षण देण्याची गरज नसते, कारण त्याला थांबायला वेळ मिळतो. आपल्या २४ लाखांकडे एक रक्कम म्हणून न पाहता फीचे १२ लाख आणि निवृत्तीचे १२ लाख अशा दोन रकमा म्हणून पाहा. शेवटच्या फीला सहा वर्षे आहेत हे खरे, पण फीची तारीख आपल्या हातात नसते, म्हणून मी सगळी फी पहिल्या भागातच धरेन.

सावरायला वेळ लागतो म्हणजे किती, हे आकड्यांवरून कळेल. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१ हजारांना स्पर्श करून आला खरा, पण तिथे टिकला नाही. ती पातळी मागे टाकायला २०१३ चे शेवटचे महिने उजाडले. याउलट २०२० मध्ये जानेवारीतील ४२ हजारांवरून २३ मार्चला तो २५,९८१ वर बंद झाला, त्या एका दिवसात ३,९३४ अंश म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक घसरला, आणि तरीही नोव्हेंबरपर्यंत पूर्वीच्या पातळीवर परतला. एका पडझडीतून सावरायला जवळजवळ सहा वर्षे लागली, तर दुसरीतून सावरायला दहा महिने पुरले. पुढची कोणत्या प्रकारची असेल हे ठाऊक नसताना दोन वर्षांनी भरायची फी बाजाराच्या भरवशावर ठेवता येत नाही.

आपल्या बाबतीत याहून मोठी अडचण स्मॉलकॅपची आहे. बीएसईचा स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी २०१८ मध्ये २० हजारांच्या वर होता आणि मार्च २०२० मध्ये तो निम्म्याहून खाली आला होता. लक्षात घ्या की, यातील बरीच घसरण कोरोनाच्या आधीच होऊन गेली होती आणि त्याच काळात सेन्सेक्स मात्र नवे उच्चांक करत होता. निम्म्यावर आलेली रक्कम मूळ पदावर यायची असेल तर ती दुप्पट व्हावी लागते. ३० टक्के पडलेली रक्कम जवळपास ४३ टक्के वाढावी लागते. आपल्या एकूण रकमेचा जवळजवळ निम्मा भाग अशा फंडांत आहे आणि तीन प्रकारचे फंड घेतल्यामुळे जोखीम वाटली गेली, असा समज असेल तर तो बाजूला ठेवावा. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घेतात ती एक पीक गेले तर दुसरे हाती यावे म्हणून. स्मॉलकॅप, मिडकॅप आणि फ्लेक्सीकॅप हे मात्र सोयाबीनचेच तीन वाण झाले, मोठ्या पडझडीत तिन्ही एकदम आडवे होतात.

उदाहरणादाखल धरू या की बाजार निम्म्यावर आला. आजच्या स्थितीत २४ लाखांचे १२ लाख होतील आणि त्यातूनच फी काढावी लागेल, म्हणजे निवृत्तीसाठी काहीच उरणार नाही. १२ लाख आधीच मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) नेलेले असतील, तर फी जशीच्या तशी राहील आणि बाजारातल्या १२ लाखांचे ६ लाख झाले तरी ते विकण्याची वेळ येणार नाही. पहिल्या स्थितीत नुकसान पक्के होते, दुसरीत ते विवरणपत्रावर दिसते आणि सावरायला वाव राहतो.

चार लाखांच्या ठेवीला मात्र फीसाठी हात लावू नका. नोकरदार कुटुंबाला सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला असली तरी चालते, पण आडतीचा धंदा असलेल्या घराला वर्षभराची लागते, कारण जून-जुलैत दिलेली उचल दसरा-दिवाळीत माल येईपर्यंत परतत नाही आणि पाऊस फिरला तर पुढच्या वर्षावर जाते. आपण मार्च २०२० बद्दल लिहिले आहे तेच महत्त्वाचे आहे: धंदा आणि बाजार एकाच वेळी बसू शकतात, म्हणून दोहोंच्या बाहेरची रक्कम हवी. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडलेले असेल, तर दहावीनंतर शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, तेही हिशेबात धरा.

उत्तर: बिंदुसरा (बीड)

दुधना सरांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून वेगळे मत मांडतो. ४ जून २०२४ रोजी निवडणूक निकालाच्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी पडला आणि तीनच दिवसांत, ७ जूनला, पडझडीपूर्वीच्या पातळीच्या वर बंद झाला. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान झाले, थांबणाऱ्यांचे झाले नाही. १२ लाख आताच ठेवीत नेले, तर व्याजावर कर भरून हाती येणारा परतावा महागाईशी जेमतेम बरोबरी करील, आणि वैद्यकीय शिक्षणाची फी तर त्याहून वेगाने वाढते. एसआयपी चालू असल्याने पडत्या बाजारात युनिट स्वस्त मिळतातच. दीर्घकाळात बाजार वर जातो, म्हणून ताईंनी काहीही न विकता हप्ते चालू ठेवावेत असे मला वाटते.

उत्तर: दुधना (सेलू)

घाबरून विकू नये हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु फीची रक्कम आज, बाजार शांत असताना, ठरवून बाहेर काढणे आणि पडझडीच्या दिवशी घाबरून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एसआयपीबद्दलचा हिशेबही पाहू. २४ लाख जमलेले असताना ३० टक्क्यांची घसरण आली तर ७ लाख २० हजार रुपये कमी होतात, म्हणजे आजच्या १५ हजारांच्या हिशेबाने चार वर्षांचे हप्ते. सुरुवातीच्या वर्षांत, जमा रक्कम थोडी आणि हप्ते पुष्कळ बाकी असताना, पडझड खरोखर फायद्याची ठरते. ताईंची जमा आता मोठी झाली आहे आणि स्वस्तात मिळणारे युनिट तिला तोलून धरू शकत नाहीत. हप्ते चालू ठेवावेत, पण ते निवृत्तीच्या भागासाठी.

दीर्घकाळ म्हणजे किती हेही बाजार ठरवतो. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली ३८,९१५ ही पातळी फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. भारताचे तसे होईल असे मी म्हणत नाही. परतावा थोडा कमी पडला तर लाख-दोन लाखांचे कर्ज जास्त घ्यावे लागेल, ती अडचण सोसता येते. सहा लाख कमी पडले तर मुलीचा प्रवेश सोडावा लागेल, ती सोसता येत नाही.

उत्तर: गोदाकाठ (नांदेड)

पुट ऑप्शन आणि स्टॉपलॉस या दोन मुद्द्यांवर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

पुट ऑप्शन घेतला म्हणजे ठरलेल्या मुदतीत निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली गेल्यास फरकाची भरपाई मिळते आणि त्यासाठी आधी प्रीमियम भरावा लागतो. मुदत संपली आणि बाजार पडला नाही, तर प्रीमियम गेला. समजा महिन्याला संरक्षित रकमेच्या एक टक्का खर्च आला, तर वर्षाला बारा टक्के होतात आणि फंडाचा सारा परतावा त्यातच जातो. शिवाय ऑप्शन निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, असतो आणि ताईंचे पैसे मुख्यतः स्मॉलकॅपमध्ये आहेत. निफ्टी जागेवर राहून स्मॉलकॅप घसरले तर प्रीमियमही जाईल आणि फंडही पडेल. सरांनी सांगितलेला २०१८-१९ चा काळ असाच होता. पडझड सुरू झाल्यावर घेऊ म्हटले तर तेव्हा प्रीमियम अनेक पटींनी महागतो. बाजारातील धास्ती मोजणारा इंडिया व्हिक्स एरवी १२ ते १५ च्या घरात असतो, तो मार्च २०२० मध्ये ७० च्या वर गेला होता.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. संरक्षणासाठी म्हणून ऑप्शनचे खाते उघडणारी माणसे काही महिन्यांत सट्टा करू लागल्याचे मी आजूबाजूला पाहिले आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्या घरात मुलीच्या फीचा प्रश्न आहे, त्या घरात हे खातेच नको.

स्टॉपलॉस म्युच्युअल फंडाला लागू होत नाही. तीन वाजेपर्यंत विक्रीचा अर्ज दिला तर त्या दिवसाअखेरची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, मिळते, त्यामुळे सकाळी दहाला घाबरून बटण दाबले तरी किंमत दिवस संपल्यावरच ठरते. शेअरमध्ये स्टॉपलॉस लावता येतो, पण बाजार उघडतानाच भाव त्या पातळीच्या खाली असेल तर विक्री खालच्याच भावाने होते आणि शेअर लोअर सर्किटला (दिवसातील घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला) असेल तर घेणाराच नसतो. २३ मार्च २०२० रोजी निर्देशांक १० टक्के पडल्यामुळे सगळा बाजारच ४५ मिनिटे थांबवला गेला होता आणि पुन्हा सुरू झाल्यावर तो आणखी खाली गेला.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

सर्वांचे मनापासून आभार. १२ लाख बाजूला काढायचे हे आता पटले आहे. यावर घरी चर्चा झाली तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, ओळखीच्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीवर १२ टक्के व्याज मिळते आहे, तिथे ही रक्कम ठेवावी का? दुसरी, यजमानांचे म्हणणे असे की, उरलेले युनिट तारण ठेवून हंगामासाठी ओव्हरड्राफ्ट (लागेल तेव्हा लागेल तेवढे उचलता येणारे कर्ज) घेतला तर सावकारी दराने भांडवल उचलावे लागणार नाही.

उत्तर: तेरणा (कळंब)

ताई, हात जोडून विनंती करतो की, पतसंस्थेचा विचार सोडून द्या. बाजाराच्या भीतीने तिकडे जाणे म्हणजे सावरू शकणाऱ्या जोखमीतून न सावरणाऱ्या जोखमीत जाणे आहे.

आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची निवृत्तीची रक्कम अशाच एका मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या) संस्थेत होती. मुदत संपल्यावर पावती घेऊन गेले, तर आधी पुढच्या आठवड्यात या म्हणाले, मग दिवाळीनंतर या म्हणाले आणि नंतर शाखेचे शटरच खाली आले. पावती आजही प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत अशी कुटुंबे किती आहेत हे आपण सारे जाणतोच. बाजार निम्म्यावर आला तरी विकणाऱ्याला दोन-तीन दिवसांत निम्मे पैसे मिळतात, इथे मात्र बुडीत रकमेची एनएव्हीसुद्धा कोणी सांगत नाही.

फरक कायद्याचा आहे. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक असली तरीही, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर निर्बंध घातले, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पतसंस्था, मग ती राज्यातली असो की मल्टिस्टेट, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही आणि तिच्या ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेच्या फलकावर नोंदणी क्रमांक आणि शासनाची मुद्रा पाहून लोक फसतात.

आपले १२ लाख दोन-तीन राष्ट्रीयीकृत बँकांत आणि टपाल खात्याच्या मुदत ठेवीत, ज्या वर्षी फी भरायची त्या वर्षी परिपक्व होतील अशा मुदतीने विभागून ठेवा. एकच मोठी पावती करू नका, नाहीतर दोन लाखांसाठी बाराची मोडावी लागते.

उत्तर: दुधना (सेलू)

तेरणा यांनी लिहिले त्यात भर घालण्यासारखे काही नाही. ओव्हरड्राफ्टबद्दल लिहितो.

शेअरआधारित फंडांवर साधारणतः किमतीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. बाजार पडला की तारणाची किंमत कमी होते आणि कर्ज देणारी संस्था फरक भरायला सांगते. तो ठरलेल्या मुदतीत भरला नाही, तर युनिट विकून वसुली होते, तीही नेमकी तळाच्या भावात. थांबायला वेळ आहे म्हणूनच आपण निवृत्तीचे १२ लाख बाजारात ठेवतो आहोत. ते तारण ठेवले की थांबण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याकडे जातो. उचल परत यायची असेल त्याच महिन्यांत हा प्रसंग आला तर यजमानांना दोन्हीकडून ओढ लागेल. हंगामापुरते भांडवल हवे असेल तर बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा पाहावी किंवा घरातील सोने तारण ठेवावे. सोन्याचा भाव पडतच नाही असे नाही, २०१३ मध्ये तो चांगलाच पडला होता, पण २००८ आणि २०२० या दोन्ही वर्षांत शेअर पडले असताना रुपयातील सोने वर्षाअखेर वाढलेले होते.

विक्री करताना कराचाही विचार लागेल. एक वर्षाहून जुन्या युनिटवरील नफ्यापैकी एका आर्थिक वर्षात १ लाख २५ हजार रुपये करमुक्त असतात आणि त्याहून जास्त नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. काही रक्कम ३१ मार्चपूर्वी आणि काही १ एप्रिलनंतर काढली, तर सवलत दोनदा मिळते. युनिट दोघांच्या नावे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळते. पण एका जादा सवलतीने वाचणारा कर १५,६२५ रुपये आणि त्यावरील उपकर इतकाच आहे. तेवढ्यासाठी फीपैकी निम्मे, म्हणजे सहा लाख रुपये आणखी आठ-दहा महिने स्मॉलकॅपमध्ये ठेवणे योग्य नाही, कारण ३० टक्के घसरण आली तर १ लाख ८० हजार जातील. विकताना सुरुवात स्मॉलकॅपपासून करा. एका फोलिओत (फंडातील खात्यात) सर्वांत जुने युनिट आधी विकले जातात, त्यामुळे अलीकडच्या हप्त्यांवरील एक्झिट लोडची (लवकर विकल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काची) चिंता सहसा राहत नाही. एकाच कंपनीच्या दुसऱ्या फंडात रक्कम वळवली तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते, हे लक्षात ठेवावे.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

सर, एकच शेवटची शंका. तीन-चार टप्प्यांत रक्कम काढायचे ठरवले आणि पहिल्या टप्प्यानंतरच बाजार १५ टक्के पडला, तर पुढचे टप्पे थांबवावेत का?

उत्तर: दुधना (सेलू)

थांबवू नका. पहिल्या दोन वर्षांच्या फीची रक्कम तर एकाच वेळी, याच महिन्यात काढा, तिला टप्पेच नकोत. उरलेल्या फीसाठी तीन तारखा आजच वहीत लिहून त्यावर दोघांनी सही करा आणि त्या दिवशी निर्देशांक कुठेही असला तरी अर्ज भरा. १५ टक्के पडल्यावर थांबणारा माणूस २५ टक्क्यांवर तर मुळीच विकत नाही आणि मग फीच्या आठवड्यात मिळेल त्या भावाने विकतो. त्या घसरणीत स्वस्त युनिट घ्यावेसे वाटले, तर ते निवृत्तीच्या भागात, पगारातून आणि एसआयपी वाढवून घ्या. फीच्या पावत्या मोडून नव्हे.